चार खाटा द्या

"आता घरी न्या आणि सेवा करा."

उपचार थकले की पेशंटच्या घरच्यांना हे सांगितलं जातं आणि फाइल त्यांच्या हातात येते. सांगणारा डॉक्टर खोटं बोलत नसतो. केमो थांबलेली असते, शेक देऊन झालेले असतात, शस्त्रक्रियेत अर्थ उरलेला नसतो. घरी न्यायलाही माझी हरकत नाही, बहुतेक माणसांना घरीच जायचं असतं. माझं भांडण पुढच्या दोन शब्दांशी आहे. सेवा करा म्हणजे काय करा? रात्री दोनला माणूस दुखण्याने ओरडायला लागला तर कुठली गोळी द्यायची? ती कुठल्या दुकानात मिळते? गोळी गिळवत नसेल तर काय? आणि चार रात्री डोळ्याला डोळा लागला नाही, घरातल्यांचे हातपाय गळाले, तर त्याला न्यायचं कुठे?

गोळीच्या तीन प्रश्नांची उत्तरं वैद्यकाकडे आहेत आणि ती फार स्वस्त आहेत. शेवटच्याचं उत्तर सरकारने द्यायचं आहे.

इगतपुरी तालुक्यातला कॅन्सरचा पेशंट घ्या. तो पंचवटी एक्सप्रेसने दादरला उतरतो, परळला टाटा मेमोरियलच्या ओपीडीत बसतो, जागा मिळाली तर दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत पथारी टाकतो. त्याच्या तालुक्यातल्या वैतरणेचं पाणीही मुंबईलाच जातं. टाटाच्या डॉक्टरांबद्दल या भागातली माणसं हात जोडूनच बोलतात, आणि ते बरोबरच आहे. पण टाटा सगळ्या देशाचं आहे. बरा होण्याची आशा असलेल्यांनाच तिथे खाट मिळता मिळत नाही. आशा संपलेल्याने पुन्हा गाडी पकडायची, घोटीला किंवा इगतपुरीला उतरायचं, तिथून जीपने टाकेदकडे किंवा वैतरणेकडे जायचं आणि पुढे वाडीपर्यंत पायी.

आता त्या वाडीत जुलै महिना आहे असं धरा. इथला पाऊस ज्यांनी पाहिलाय त्यांना वर्णन नको. भाताची आवणी चालू आहे. आवणीच्या दिवसांत घरातलं प्रत्येक धड माणूस खाचरात असतं, कारण ते पंधरा-वीस दिवस हुकले तर वर्षाचा भात हुकतो. घरात राहतो तो पेशंट आणि त्याच्याजवळ एखादी पोर. चार-चार तासांनी औषध कोण देणार? कूस कोण बदलणार? पाठीला जखमा व्हायला पडून राहिलेल्या माणसाला दोन-तीन दिवसही पुरतात. "घरच्यांनी काळजी घेतली नाही" असं नंतर शहरातला माणूस सहज म्हणून जातो. त्याने एकदा गुडघाभर चिखलात दिवसभर वाकून पाहावं आणि मग रात्रभर जागून दाखवावं.

तोंडाच्या कॅन्सरबद्दल थोडं जवळून सांगायला हवं, कारण तंबाखू आणि मिश्रीने हा रोग आपल्याकडे घरोघर आणून ठेवलाय. शेवटी शेवटी गालाला भोक पडतं. जखमेला असा वास येतो की घरच्यांना जेवण जात नाही. म्हाताऱ्याची वाकळ आधी पडवीत जाते, मग गोठ्याच्या बाजूला. नातवंडं जवळ यायची थांबतात. माणूस मरणाच्या आधीच घराबाहेर पडलेला असतो, आणि हे त्याला कळत असतं. या वासावर उपाय काय, तर जुलाबावर देतात ती मेट्रोनिडॅझोलची साधी गोळी. ती बारीक कुटायची, जखम सलाइनच्या पाण्याने धुवायची आणि पूड वर भुरभुरायची. काही दिवसांत वास खूपच कमी होतो. अळ्या पडल्या असतील तर टर्पेंटाइनचा बोळा जखमेच्या तोंडाशी धरतात, अळ्या वर येतात, त्या चिमट्याने काढतात. खर्च काही रुपयांचा. हे शिकलेली एक नर्स मिळाली तर म्हातारा पुन्हा घरात येतो, नातू पुन्हा शेजारी बसतो. हे न केल्यामुळे या देशात किती माणसं गोठ्याशेजारी मेली असतील, या विचाराने मला आजही राग येतो.

दुसरं, मॉर्फिन. १९८६ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने कॅन्सरच्या दुखण्यावर पायऱ्यापायऱ्यांनी औषध कसं वाढवायचं ते सांगितलं. शेवटच्या पायरीवर आहे तोंडाने घ्यायचं मॉर्फिन. दहा मिलिग्रॅमची छोटी गोळी दर चार तासांनी. झोपताना डोस दुप्पट, म्हणजे मध्यरात्री उठवावं लागत नाही. जोडीला पोट साफ होण्याचं औषध हवंच, कारण मॉर्फिनने बद्धकोष्ठ ठरलेला. पहिले काही दिवस मळमळ होते, त्यावर गोळी आहे. दुखणं थांबेपर्यंत डोस हळूहळू वाढवायचा. कॅन्सरच्या दुखण्यासाठी हिशेबाने दिलेल्या मॉर्फिनने माणूस नशेडी होत नाही, हे हजारदा सांगून झालंय. आणि ही गोळी आपल्याला परदेशातून आणायची नाही. अफू आपल्याच शेतात पिकते, मंदसौर, नीमच, चित्तोडगढच्या भागात. तिच्यावर प्रक्रिया करणारे सरकारी कारखाने नीमच आणि गाझीपूरला आहेत. औषधी अफू पिकवून जगाला पुरवणाऱ्या मोजक्या देशांत आपण आहोत. तरीही लॅन्सेटच्या आयोगाने २०१७ मध्ये हिशेब मांडला तेव्हा आपल्याकडे वेदनाशमनासाठी पोचणारी ही औषधं गरजेच्या चार टक्के भरली.

असं का झालं, ते कायद्यात आहे. १९८५ चा अंमली पदार्थविरोधी कायदा चोरांसाठी केला आणि तो पेशंटवर पडला. एका गोळीसाठी चार-पाच परवाने, प्रत्येक खात्याचा वेगळा शिक्का, आणि चूक झाली तर तुरुंग. दवाखान्यांनी मॉर्फिन ठेवणंच सोडलं. पुढच्या बारा वर्षांत देशातला मॉर्फिनचा औषधी वापर ९७ टक्क्यांनी घसरला. एका पिढीचे डॉक्टर मॉर्फिनची गोळी न पाहता शिकून बाहेर पडले. २०१४ मध्ये संसदेने कायदा सुधारला. आता मान्यताप्राप्त दवाखान्याला राज्याच्या औषध नियंत्रकाची एकच मंजुरी लागते. अट एवढीच, की वेदनाशमनाचं प्रशिक्षण घेतलेला डॉक्टर तिथे हवा आणि नोंदवही चोख हवी. अडचण दिल्लीत होती, ती दिल्लीने दूर केली. पुढचं काम राज्याचं, जिल्ह्याचं आणि तालुक्याचं आहे.

राज्याने काय केलं? कागदावर पुष्कळ. केरळने २००८ मध्ये पॅलिएटिव्ह केअरचं, म्हणजे बऱ्या न होणाऱ्या आजारातल्या शुश्रूषेचं, धोरण आणलं, महाराष्ट्राने २०१२ मध्ये. देशात दुसरे आपण. त्याच साली केंद्राने राष्ट्रीय कार्यक्रम जाहीर केला आणि टाटा मेमोरियलमध्ये या विषयाची एमडीची पदवी सुरू झाली. गावागावांतल्या आयुष्मान आरोग्य मंदिरांना ज्या बारा सेवा द्यायच्या आहेत, त्यांत वृद्धांची आणि अखेरच्या आजारातली शुश्रूषा आहे. आशाताईंनी अशा घरी जावं, कोण पडून आहे त्याची यादी करावी, नर्सने जखम पाहावी, हे सगळं ठरलेलं आहे. आशाताई जातातही. लसीकरण, गरोदर बायका, क्षय, सर्वेक्षण, हे सगळं उरकून जातात. त्यांच्या पिशवीत मॉर्फिन नसतं आणि पेशंटला ठेवून घेण्याचा अधिकारही नसतो.

म्हणून मी खाटेवर अडून बसलोय. गेली काही वर्षं परिषदांमधून "घरीच सेवा" हा मंत्र जपला जातो. बहुतेक पेशंटांसाठी, बहुतेक दिवस, तो बरोबरही आहे. पण अधूनमधून काही दिवस असे येतात की घर पुरत नाही. गोळ्यांनी न थांबणारं दुखणं येतं, तेव्हा इंजेक्शनने डोस बसवायला दोन-तीन दिवस जवळ नर्स हवी. आतडं बंद होऊन उलट्या थांबत नाहीत. पोटात पाणी भरून श्वास कोंडतो, ते काढावं लागतं. मानेच्या गाठीतून रक्त वाहायला लागतं. माणूस भ्रमात जाऊन रात्रभर उठून पळायला बघतो आणि घरात धरायला एकटी बायको असते. यातलं काहीही कौलं गळणाऱ्या घरात, विजेचा भरवसा नसताना, आठवीतल्या पोराच्या जिवावर निभवा असं सांगणं हा क्रूरपणा आहे.

आणि ही खाट मरेपर्यंत अडवून ठेवायची खाट नाही. कसाऱ्याला गाडीला मागून बँकर, म्हणजे ढकलणारी जादा इंजिनं, लावतात, घाट चढून गाडी इगतपुरीला आली की ते सुटतात, पुढे गाडी आपल्या इंजिनावर जाते. ही खाट तशी आहे. तीन-चार दिवसांत डोस बसतो, जखम साफ होते, घरच्यांना ड्रेसिंग शिकवून होतं, त्यांची दोन रात्री झोप होते आणि माणूस घरी जातो. काहीजण तिथेच जातील. तिथे जातील ते दुखण्याने ओरडत जाणार नाहीत.

अशा खाटा राज्यात कुठे आहेत? नाव घेण्याजोग्या जागा मोठ्या शहरांत. मुंबईत वांद्र्याला शांती आवेदना सदन आहे, १९८६ पासून. भारतातलं ते पहिलं हॉस्पिस, डॉ. एल. जे. डिसोझा यांनी उभं केलेलं. पुण्यात वारज्याला सिप्ला फाउंडेशनचं केंद्र आहे, १९९७ पासून, पेशंटकडून पैसा न घेता चालणारं. दोन्ही ठिकाणी वर्षानुवर्षं माया लावून काम चाललंय आणि दोन्ही संस्था देणग्यांवर, ट्रस्टवर उभ्या आहेत. पण वैतरणेकाठच्या वाडीतून निघून वारज्याला आईला ठेवायचं, तर तिच्याजवळ बसणार कोण? घरची मजुरी बुडवून पुण्यात किती दिवस राहणार? शेवटच्या दिवसांत पेशंटला गोळीइतकीच शेजारी ओळखीच्या माणसाची गरज असते. दोनशे किलोमीटरवरची खाट गरिबाच्या उपयोगाची नाही. नाशिकला सिव्हिल आहे, संदर्भ सेवा रुग्णालय आहे, पण इगतपुरीहून नाशिक पंचेचाळीस किलोमीटर, आणि वाडीतून इगतपुरी वेगळीच. १०८ ची अ‍ॅम्ब्युलन्स दवाखान्यात नेते, घरी परत सोडत नाही. बाळंतिणीला परत सोडायला १०२ आहे. मरणाच्या वाटेवरच्या माणसाला परत सोडायला खासगी गाडीच करावी लागते आणि तिचं भाडं उसनं काढलेलं असतं. कितीतरी घरं या भाड्याच्या धास्तीनेच दवाखान्यात जात नाहीत.

पैसा नाही असं कुणी सांगू नये. ५ जून २०२५ ला समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा खुला झाला. ७०१ किलोमीटरचा रस्ता पुरा झाला आणि त्यासाठी याच तालुक्यातल्या डोंगरातून जवळपास आठ किलोमीटरचा जुळा बोगदा काढला. सह्याद्री फोडण्याची ताकद या राज्यात आहे. त्याच डोंगराच्या कुशीतल्या वाड्यांमधून आजारी माणूस झोळीत घालून रस्त्यापर्यंत आणावा लागतो, गरोदर बायकांना पायपीट करावी लागते, आणि अशाच पायपिटीनंतर २०२३ च्या जुलैत या तालुक्यात एक गरोदर बाई दगावली. ती बातमी तरी झाली. दुखण्याने तळमळून मेलेल्या म्हाताऱ्याची बातमी होत नाही, कारण "वय झालं होतं" म्हटलं की सगळे मोकळे होतात.

सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०१८ मध्ये सांगितलं की सन्मानाने मरण हा जगण्याच्या हक्काचाच भाग आहे. तेव्हापासून यंत्रं कधी काढायची, इच्छापत्र कसं करायचं, यावर शहरांत बरीच चर्चा झाली. ती व्हायलाच हवी. पण ज्याच्या नाकात नळीच कधी गेली नाही, ज्याने अतिदक्षता विभाग बाहेरूनही पाहिलेला नाही, त्याचा सन्मान चार तासांनी येणाऱ्या गोळीत आणि बदललेल्या चादरीत आहे. न्यायालयाचा निकाल त्याच्यापर्यंत पोचायचा तर तो नर्सच्या हातानेच पोचेल.

गरीब प्रदेशात हे जमत नाही, असं म्हणणाऱ्यांनी युगांडा पाहावा. तिथे १९९३ मध्ये डॉ. अ‍ॅन मेरिमन यांनी हॉस्पिस सुरू केलं. मॉर्फिनची पावडर पाण्यात विरघळवून बाटल्या भरायच्या, हा त्यांचा खाक्या. डॉक्टर कमी म्हणून २००४ पासून तिथे खास प्रशिक्षण घेतलेल्या नर्सना मॉर्फिन लिहून देण्याचा कायदेशीर अधिकार मिळाला. घराजवळ पाहायचं तर केरळ आहे. १९९३ मध्येच कोझिकोडला डॉ. राजगोपाल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मेडिकल कॉलेजच्या आवारात काम सुरू केलं, मग शेजारीपाजारी, विद्यार्थी, दुकानदार त्यात शिरले, आणि पुढे पंचायतींनी त्यासाठी पैसे घातले. गावाने आपल्या पैशाने नर्स ठेवली. भाताची खाचरं, भरपूर पाऊस आणि डोंगरातल्या वस्त्या तिथेही आहेत.

मग मागणी काय? सरकारी मापाने ग्रामीण रुग्णालय ३० खाटांचं असतं. त्यातल्या चार खाटा या पेशंटांसाठी बाजूला काढा. वेगळी इमारत नको, भूमिपूजन नको, पाटी लावायला मंत्री नको. संडासाजवळची, कडेची खोली द्या, जिथे रात्री घरचं एक माणूस खाली सतरंजी टाकून झोपू शकेल. एका डॉक्टरला आणि तीन-चार सिस्टरना काही आठवड्यांचं प्रशिक्षण द्या, असे अभ्यासक्रम देशात वर्षानुवर्षं चालू आहेत. दवाखान्याला मॉर्फिनची मान्यता घ्या, कुलूपबंद कपाट आणि नोंदवही ठेवा. घरी सोडताना पुढच्या गोळ्या आणि एक फोन नंबर द्या, आणि सोडायला गाडी द्या.

यावर "खाटा आधीच पुरत नाहीत" असं उत्तर येईल. बाळंतिणी आहेत, सर्पदंश आहे, पावसाळ्यात तापाची साथ आहे. सगळं खरं. पण हे पेशंट आजही दवाखान्यात येतातच. रात्री येतात, सलाइन लागतं, सकाळी "वर न्या" म्हणून चिठ्ठी मिळते, नाशिकला खेप होते, तिथे जागा नसते, घरचे सही करून "डामा" (डॉक्टरांच्या सल्ल्याविरुद्ध सुटी) घेतात आणि आणतात परत. आठ दिवसांनी तेच पुन्हा. या खेपांना पैसा लागतो, अ‍ॅम्ब्युलन्स अडकते, डॉक्टर-सिस्टर सगळे थकतात आणि दुखणं जागच्या जागी राहतं. चार खाटांनी हा फेरा थांबेल. वृद्धांच्या राष्ट्रीय कार्यक्रमात जिल्हा रुग्णालयांसाठी दहा खाटांचा वेगळा कक्ष धरलेलाच आहे. म्हणजे एका गटासाठी खाटा राखणं सरकारला नवीन नाही. तेच तालुक्याला आणा.

गोळ्या चोरीला जातील ही भीतीही दाखवली जाईल. भूल देण्याच्या खोलीतली इंजेक्शनं आपण सांभाळतोच ना? तीच वही, तेच कुलूप.

डॉक्टर मंडळींनाही एक सांगणं आहे. "आता काही करण्यासारखं नाही" हे वाक्य कृपा करून सोडून द्या. बरं करण्यासारखं काही नाही, असं म्हणा. करण्यासारखं खूप आहे, आणि तुमच्या हातून झालं नाही तर ते दुसऱ्या कुणाच्या हातून होणार नाही.

वाचकांपैकी इगतपुरी, घोटी, टाकेद, वैतरणा भागातले जे कुणी असतील त्यांच्यासाठी शेवटचं. ग्रामसभा २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबरला होते. येत्या ग्रामसभेत हात वर करा आणि ठराव मांडा: "आमच्या तालुक्याच्या ग्रामीण रुग्णालयात बरे न होणाऱ्या पेशंटांसाठी चार खाटा राखीव असाव्यात, तिथे मॉर्फिनची गोळी कायम मिळावी आणि पेशंटला घरी सोडायला गाडी असावी." ग्रामपंचायत अधिकाऱ्याला (पूर्वीच्या ग्रामसेवकाला) तो शब्दशः लिहून घ्यायला सांगा. एक प्रत रुग्णालयाच्या रुग्ण कल्याण समितीला, एक जिल्हा शल्यचिकित्सकांना, एक आमदारांना द्या आणि प्रत्येकीवर पोच घ्या. शेजारच्या गावालाही हाच ठराव करायला सांगा. तुमच्या वाडीत आज कोण अंथरुणाला खिळलंय ते तुम्हाला माहीत आहे. त्याच्या मुलाला सोबत न्या, त्यालाच बोलू द्या.